किल्लेदारिणीची चिठ्ठी

हळदीच्या वखारीत तासभर बसलं की हळद अंगावर कधी चढली ते कळत नाही. घरी गेल्यावर बायको ओरडते, "आधी पाय धुवा!" तेव्हा कळतं. आमच्या मंडळाचे किस्से असेच अंगावर साठत गेले, मुद्दाम कुणी जमवले नाहीत. आता चार माणसं भेटली की म्हणतात, "मास्तर, ते पोत्याचं सांगा की!" मी सांगतो, ते हसतात. पण सगळेच किस्से हसायचे नाहीत हे आधीच बजावून ठेवतो. आणि मधे कुणी बोलायचं नाही. मी मुळात तापट माणूस आहे, वय झालं म्हणून तो गुण गेलेला नाही.

लढाईची वर्षं होती. मी सांगलीत हायस्कुलात मराठी शिकवत होतो. दर रविवारी दुपारी शिवाप्पाशेटच्या हळदीच्या वखारीत आम्ही पाचजण जमायचो आणि नाटकावर बोलायचो. नाटक करायचं नाही हं! करणारे गावात पैशाला पासरी होते. आम्ही नाटक उलगडायचो. अमुक माणूस असा का वागला, तमुक बाई गप्प का बसली, लेखकाला काय म्हणायचं होतं. आणि पाच वर्षं मुख्यतः एकाच नाटकावर, 'संगीत जयतोरण'वर.

आमच्या लहानपणी ते फार गाजलेलं. तुम्ही पाहिलेलं नसणार, म्हणून गोष्ट सांगतो. एका किल्ल्याला वेढा पडलेला असतो. किल्लेदार आपल्या एकुलत्या एका मुलाला मदत आणायला बाहेर धाडतो. मुलाची आई, म्हणजे किल्लेदारीण, दारावर तोरण बांधते. पोरगा परत आला की उतरवीन म्हणते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी जासूद येऊन किल्लेदाराला एकट्यालाच सांगतो, मुलगा पडला. किल्लेदार ती बातमी पोटात ठेवतो. शिपायांचा धीर सुटू नये म्हणून, आणि बायकोचाही. पाचव्या अंकात वेढा उठतो तेव्हा तो तिला सांगतो. ती एक अक्षर बोलत नाही. उठते, तोरण उतरवते. पडदा!

का बोलत नाही? का रडत नाही? एवढ्या एका प्रश्नावर आम्ही पाच पावसाळे काढले.

* * *

पोत्याची कल्पना मोघे वकिलांची. सुरुवातीला आमच्या मीटिंगा म्हणजे नुसती भांडणं. एकदा मी किल्लेदाराला "काळजाच्या जागी दगड असलेला माणूस" म्हणालो, तर मोघे ताडकन म्हणाले, "मास्तर, आरोपी गैरहजर असताना निकाल देता? कुठल्या कायद्यानं?"

तेव्हापासून रिवाज पडला. पाच पात्रांच्या पाच चिठ्ठ्या. जो जी चिठ्ठी उचलेल त्यानं समोरच्या हळदीच्या पोत्यावर जाऊन बसायचं. पोत्यावर बसला की तो मास्तर नाही, वकील नाही, ते पात्र. त्यानं 'मी' म्हणून बोलायचं, बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. आणि उत्तराला नाटकातला आधार हवा! "कुठं आहे? अंक सांगा, प्रवेश सांगा!" असं मोघे ओरडले आणि सांगता आलं नाही, की मुकाट्यानं खाली उतरायचं.

शिवाप्पाशेटना एकदा शत्रूच्या सरदाराची चिठ्ठी आली. दोन मणांचं पोतं आणि त्यावर अडीच मणांचे शेट! मी विचारलं, "सरदार, तुम्ही किल्ल्याचं पाणी तोडलंत. आत लहान पोरं होती. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

शेट म्हणजे घरात कानडी बोलणारा माणूस, मराठी जपून बोलायचे. ते म्हणाले, "वाटलं की ओ! पण लेखकानं मला त्याच्यावर एक वाक्य दिलं नाही. मी काय करू?"

आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले! शत्रूचा सरदार रडतो याला नाटकात आधार नव्हता. मोघ्यांनी त्यांना खाली उतरवलं.

* * *

नाना प्रॉम्प्टर आमच्यात सगळ्यांत थोरले. एका नाटक कंपनीत तीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना शब्द पुरवलेले. 'जयतोरण' तोंडपाठ. पण समोर बसून म्हणाल तर एकदाही पाहिलेलं नाही! म्हणायचे, "मी नाटक ऐकलंय. बघितल्या त्या नटांच्या पाठी."

एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, त्या शेवटच्या प्रवेशात किल्लेदारीण बोलत नाही. तुमच्या वहीत काय होतं तिथं?"

"काही नव्हतं हो, तीच तर पंचाईत! तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. आमचा किल्लेदारीण करणारा नट तिथं पोचला की सवयीनं विंगेकडं बघायचा. शब्द मागायचा. माझ्याकडं द्यायला काही नसायचं. मी नुसती मान हलवायचो."

एका प्रयोगात त्या नटाला ते सोसवलं नाही. त्यानं भोकाड पसरलं! ऊर बडवला, जमिनीवर गडाबडा लोळला. थिएटर टाळ्यांनी दणाणलं, वन्समोअर आला. लेखक त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेले. पडदा पडल्यावर आत आले आणि नटाला म्हणाले, "छान रडलात. पण ती माझी किल्लेदारीण नव्हती."

"मग तुमची कशी आहे ती, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या," नाना म्हणाले. "पण प्रॉम्प्टरनं आपले शब्द बोलायचे नसतात. राहून गेलं."

* * *

पाचवे सुभेदार. वडूजकडचे. पहिल्या लढाईत पार बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. गावची जिरायत भावाच्या हवाली करून सांगलीत बिऱ्हाड केलं ते एकाच कारणानं, मुलगा दत्तू कॉलेजात शिकावा. माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मग ही दुसरी लढाई लागली आणि इंटरला असलेल्या दत्तूला सुभेदार स्वतः साताऱ्याला भरतीला घेऊन गेले. सुभेदारीणबाई नको म्हणत होत्या. सुभेदार म्हणाले, "आमच्या चार पिढ्या पलटणीत गेल्या. ह्यो काय घरात बसून ऱ्हानार?"

दत्तू निघायच्या आदल्या आठवड्यात गावात 'जयतोरण'चा प्रयोग लागला होता. मायलेक मिळून बघून आले. दत्तू गेला त्या दिवशी बाईंनी गावाकडून आलेल्या जोंधळ्याच्या कणसांचं तोरण करून दारावर बांधलं. चिमण्या दाणे टिपून न्यायच्या, बाई नवी कणसं खोचायच्या.

सुभेदारांचा आवाज परेडचा. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, "अगं, पत्र?" माझी पोरं भिंतीअलीकडं पाढे चुकायची. आतून बाईंचं उत्तर यायचं, "आज न्हाई." नाहीतर, "आलंय, आलंय!" दत्तूची पलटण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये होती; तिकडून पत्र आलं असलं की सुभेदार मला हाक मारायचे. दत्तूचं अक्षर बारीक, आणि चष्मा लावणं सुभेदारांना कमीपणाचं वाटायचं. मी वाचायचो, दोघं ऐकायचे.

मंडळात सुभेदारांच्या हाती कुठलीही चिठ्ठी येवो, ते बदलून किल्लेदाराचीच घ्यायचे. पोत्यावर ताठ बसून म्हणायचे, "हं, इचारा!" मोघ्यांनी डाफरून विचारायचं, "स्वतःच्या बायकोपासून बातमी लपवलीत, कुठल्या तोंडानं?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "लपवली न्हाई, राखून ठिवली. वक्त आला तवा सांगितली."

किल्लेदारिणीची चिठ्ठी मात्र कुणी घेईना! पुरुषानं लुगडं नेसून नाटकात काम केलेलं आम्हाला चालायचं, पण वखारीत हमालांच्या देखत पोत्यावर बसून "मी किल्लेदारीण" म्हणायची एकाची छाती झाली नाही. मोघे म्हणाले, "बाईची बाजू बाईलाच ठाऊक. राहू द्या." शिवाप्पाशेटनी ती चिठ्ठी तराजूच्या वजनाखाली सरकवून ठेवली. तिथं ती पाच वर्षं राहिली.

* * *

गणपतीच्या आधीची गोष्ट. तारवाल्याला सुभेदार वाटेतच भेटले, त्यानं तार त्यांच्या हातात दिली. तार इंग्रजीत. सुभेदार तडक माझ्या शाळेत आले. मी वर्गाबाहेर आलो तर अटेन्शनमध्ये उभे. तार पुढं केली आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचली. इंग्रजीत तीन-चार ओळी होत्या. मराठीत एकच होत होती, ती मी सांगितली.

"मिसरातच का?"

"हो."

"कवाची तारीख हाय?"

"बारा दिवसांपूर्वीची."

बारा दिवस ते रोज संध्याकाळी उंबऱ्यातून पत्र विचारत होते. ते माझ्या मनात आलं, त्यांच्याही आलं असणार. तारेची घडी करून त्यांनी आतल्या खिशात ठेवली. "मास्तर, घरात बोलू नगा. गौरी-गणपती हून जाऊ द्यात. ती गौरी मांडत्या."

मी हो म्हणालो. हो म्हणायला नको होतं, पण म्हणालो.

क्रियाकर्माला कृष्णेच्या घाटावर आम्ही दोघंच गेलो. न्हाव्यानं मिशीला वस्तरा लावायला हात उचलला तर सुभेदारांनी त्याचं मनगट धरलं. मिशी काढली असती तर घरी कळलं असतं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पोरगं समजून घील." मी नदीकडं तोंड करून रडलो. ते रडले नाहीत.

गौरी-गणपती झाले. मग म्हणाले, दसरा होऊ दे. मग म्हणाले, दिवाळी. दर रविवारी पोत्यावर बसून "वक्त आला तवा सांगितली" असं ठणकावणारा माणूस, आणि घरी गेला की त्याला तो वक्त काही सापडेना! मला तर त्या बाईंच्या समोरून जायची चोरी झाली. दारावरच्या त्या तोरणाकडं मी मान वर करून बघत नसे.

* * *

दिवाळीनंतर 'जयतोरण'चा बोलपट गावात लागला. अहो, काय विचारता! नाटकातल्या पाच पात्रांची सतरा झालेली, विहिरीवर गाणं, किल्ल्यात हत्ती! आणि शेवट? किल्लेदार बायकोला बातमी सांगतो, ती बेशुद्ध पडते, शुद्धीवर येऊन गाणं म्हणते, आणि गाणं संपतंय तोच मुलगा घोड्यावरून हजर! जासूद चुकला होता म्हणे!

त्या रविवारी बोलपट हा पुरावा धरायचा की नाही यावर मीटिंग झाली. मोघे थरथरत होते. "खोटा दस्तऐवज आहे हा! मुलगा जिवंतच असेल तर किल्लेदारानं सोसलं ते काय? नुसता गैरसमज! नाटकाचं मर्मच काढून टाकलं." मी त्यात माझी भर घातली. शोक, धैर्य, कर्तव्य, अर्धा तास बोललो असेन. नाना एवढंच म्हणाले, "बोलपटाला प्रॉम्प्टर लागत नाही. तिथंच सगळं बिघडलं." शेवटी बोलपट पुराव्यातून बाद, असा ठराव झाला.

सुभेदार खाली बघत म्हणाले, "म्या तीनदा बघितला."

बाकीचे हसले. त्यांना काय ठाऊक!

"तीनदा?" मोघे म्हणाले. "असलं भिकार काम? कशासाठी?"

"जासूद चुकतो न्हवं शेवटाला. तेवढ्यापायी."

घरी जाताना मी विचारलं, "बाईंनाही नेलं होतं का?"

"एकडाव नेलं. म्हटलं, पोरगं परत येतंया, बरं वाटंल जिवाला. तर किल्लेदार सांगाय आला आन् ही उठलीच. म्हनली, चला, मला म्हाईत हाय पुढचं."

* * *

मार्गशीर्षात कळलं की 'जयतोरण'मध्ये पहिल्यांदा किल्लेदार केलेले नट साताऱ्यात आहेत, अंथरुणाला खिळलेत. मोघे म्हणाले, "साक्षीदार जिवंत आहे आणि आपण इथं बसून तर्क लढवतोय!" निघालो पाचहीजण. आगगाडीनं, पुढं मोटारीनं.

खाटेवर हाडांचा सापळा, आवाज मात्र खणखणीत. मोघ्यांनी हात जोडून विचारलं, "तिसऱ्या अंकात मुलाची बातमी पोटात ठेवून तुम्ही बायकोसमोर जेवायला बसता. त्या वेळी तुमच्या मनात काय असायचं?"

आम्ही सगळे पुढं झुकलो. मी तर पेन्सिल सरसावून बसलेलो.

"श्रीखंड!" ते म्हणाले. "मालकांनी पानात खरं श्रीखंड वाढायचं कबूल केलं होतं. पण चक्का मेला रोज आंबट!"

आमची हसता हसता पुरेवाट झाली. मग म्हाताऱ्यानं आपलं गाऱ्हाणं काढलं. "पहिल्या दोन अंकांत मी दर एंट्रीला एकच वाक्य म्हणत यायचो, 'चिरंजीवांची काही खबर?' नुसता विंगेतून आवाज आला की टाळी! तालमीत मी ते तिसऱ्या अंकातही म्हटलं. तर लेखक म्हणाले, इथून पुढं हे वाक्य नाही. कापलं! माझी हक्काची टाळी गेली. का कापलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

नाना म्हणाले, "बरोबर. माझ्याही वहीत तिसऱ्यापासून ते नाही."

मी इमानानं टिपून घेतलं आणि पुढं शेरा मारला, 'नटांचा अहंकार'! ती वही अजून माझ्याकडं आहे. परतताना श्रीखंडावरून आम्ही कराड येईपर्यंत हसत होतो. त्या वाक्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सुभेदार खिडकीबाहेर बघत होते.

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आज सांगतो, त्याशिवाय पुढचा कळायचा नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुभेदार माझ्याकडं आले. "मास्तर, लय दिस झालं पत्र न्हाई. तिला संशय यील." खिशातून एक पाकीट काढलं. दत्तूचं आदल्या हिवाळ्यातलं पत्र. बाई सगळी पत्रं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायच्या, त्यातलंच गुपचूप काढून आणलेलं. "वखारीच्या पत्त्यावर आलं म्हून सांगतो. तुमी नवं म्हून वाचा. तिला अक्षर येत न्हाई."

मी खवळलो. "सुभेदार, मी मास्तर आहे, बहुरूपी नाही! त्या माउलीला असं फसवायचं?"

"ह्यो एकच डाव, मास्तर," ते म्हणाले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, खाली मान घालून उभा.

गेलो. बाई चुलीपुढं तीळ भाजत होत्या. मी वाचलं. "इकडे थंडी फार पडली आहे. आईने दिलेली घोंगडी माझ्यापेक्षा माझे सोबतीच जास्त पांघरतात. आईला सांगा, काळजी करू नको." माझा आवाज एकदाही हलला नाही. शाळेत करुण कविता शिकवायची सवय, दुसरं काय!

बाईंनी तिळातला हात थांबवला नाही. वाचून झाल्यावर कढई उतरवली, हात पुसले, पत्र घेतलं. डबा उघडला. पत्रांच्या गठ्ठ्यात वर ठेवलं नाही, बोटांनी चाचपत चाचपत मधे कुठंतरी सरकवलं. मग चिमूटभर गरम तीळ आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "चांगलं वाचता मास्तर तुमी."

बाहेर आल्यावर सुभेदारांनी माझा दंड दाबला. दोघांचाही जीव भांड्यात पडला. जमलं म्हणायचं!

* * *

आता शेवटचा.

चैत्रात शिवाप्पाशेटची वखार नव्या हळदीनं छपरापर्यंत भरली, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून त्या रविवारची मीटिंग माझ्या घरी ठरली. शेट रिवाजाला पक्के. हमालाच्या पाठीवर पोतं घेऊन आले! शिवाय वखार आवरताना वजनाखालची चिठ्ठी निघाली होती, ती टोपीत खोचून आणलेली.

आमच्याकडं त्या दिवशी हळदीकुंकू होतं. बायका स्वयंपाकघरात, आम्ही ओसरीवर. सुभेदारीणबाई आमच्यासाठी आंब्याची डाळ घेऊन बाहेर आल्या. पहिली वाटी सुभेदारांच्या हातात दिली आणि पोतं बघून थांबल्या. "ह्यावरच बसता व्हय तुमी?"

मोघे त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, पाच वर्षं एक चिठ्ठी पडून आहे. किल्लेदारिणीची. आमच्यात कुणाची छाती होत नाही. तुम्ही बसता?"

"तिला काय कळतंय नाटकातलं," सुभेदार घाईघाईनं म्हणाले. "जा गं तू आत."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. डाळीचं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि पोत्यावर बसल्या.

"इचारा."

मोघ्यांनी घसा साफ केला. "किल्लेदारीणबाई, पाचव्या अंकात तुम्हाला मुलाची बातमी कळते..."

"पाचव्या न्हाई. तिसऱ्या."

"अहो, तिसऱ्या अंकात तुम्हाला कुणी सांगितलं? अंक, प्रवेश दाखवा! कुणीही सांगत नाही."

"सांगत न्हाई," बाई म्हणाल्या. "पर त्यो रोज दारातनंच इचारत यायचा, पोराची काय खबर. तिसऱ्या अंकात त्यो आला त्यो नुसताच आत आला. जोडं काढलं, हात धुतलं, जेवाय बसला. इचारलं न्हाई. म्या ताट वाढलं तवाच मला कळलं व्हतं."

नाना पुटपुटले, "तिसऱ्यापासून ते वाक्य नाही. नाहीच." मोघ्यांनी पुस्तक उघडलं, भराभर पानं उलटली, आणि मिटून मांडीवर ठेवलं. जोडे काढल्याचं, हात धुतल्याचं त्या नाटकात कुठंच नव्हतं, पण मोघ्यांनी हरकत घेतली नाही.

मला "अगं, पत्र?" आठवलं. गणपतीच्या आधीपासून ते मी ऐकलेलंच नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहत होतो मी! पाढे चुकायची थांबलेली माझी पोरंसुद्धा माझ्या लक्षात आली नव्हती.

मोघ्यांचा आवाज उतरला होता. "मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाही, बाई?"

"पोराला त्येनंच धाडलं व्हतं न्हवं? म्या नगं म्हनत व्हते. म्या तोंड उघडलं असतं तर त्येला वाटलं असतं, ही मला बोल लावतीया. त्येच्या तोंडानं त्येनं सांगावं, म्हून बसून ऱ्हायले."

सुभेदारांच्या हातात डाळीची वाटी तशीच होती.

बाई पोत्यावरून उठल्या नाहीत. तिथूनच त्यांच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आवं, आता उतरू का तोरण?"

सुभेदारांनी वाटी खाली ठेवली. उठून उभे राहिले. ओठ दोनदा हलले, शब्द फुटेना. नानांनी सवयीनं मान पुढं केली आणि मग हलवली.

"चल," सुभेदार म्हणाले. "दोघं मिळून उतरू."